श्वासात कांदा आढळला

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, सकाळचे दहा वाजायच्या आत, सगुणामावशी खरात निंबाळे आरोग्यधामाच्या श्वासखोलीत घुसल्या आणि त्यांनी सुनेचा मोबाइल स्वप्नालीच्या टेबलावर असा आपटला, की शेजारच्या ट्रेमधल्या फुंकायच्या नळ्या खाली सांडल्या.

"वाच. मोठ्यानं वाच. समद्यांस्नी ऐकू दे."

बाहेरच्या बाकांवर डायलिसिसला आलेले पाच-सहा जण बसले होते. त्यांनी माना वळवल्या. आंबेखिंडीत करमणूक तशी कमीच.

स्वप्नालीने वाचलं. "'श्रीमती सगुणा बाबू खरात, आपले नववे डायलिसिस यशस्वीरीत्या पार पडले. श्वासात कांदा, ओवा व तळीव तेल आढळले. तळलेले व खारट पदार्थ टाळावेत. शासन आपल्या उत्तम आरोग्यासाठी कटिबद्ध आहे.'"

"कांदा!" मावशी कडाडल्या. "चातुर्मासात! एक्केचाळीस वर्सं झाली, आषाढापास्नं कार्तिकापर्यंत कांद्याला बोट लावलं न्हाय म्या. आन हे तुजं यंत्र माज्या सुनंला कळवतंय, सासू चोरून भजी खाती म्हनून. सुनंनं आळीभर केलंय. भजनातल्या बायका त्वांडाला पदर लावून हसत्यात. सांग, कवा खाल्ला म्या कांदा?"

स्वप्नालीला हसू आवरेना. "शेवटचा कधी खाल्ला होता, मावशी?"

"तुज्याच हितं! कांदेनवमीला. तुमी शिबिरात फुकट भजी वाटली न्हाय का? त्या आचाऱ्यानं मूठभर ओवा टाकला हुता, कडूजार लागत हुती. तवाच सुनावलं हुतं म्या त्येला. त्येच्यानंतर न्हाय."

हे मात्र खरं होतं. चार महिने कांदा सोडायचा, तर त्याआधी आषाढातल्या नवमीला तो पोटभर खाऊन घ्यायचा, ही आपल्याकडची रीत. निंबाळे आरोग्यधामाने यंदा त्या दिवशी मोफत फुप्फुस-तपासणी शिबिर ठेवलं होतं, आणि माणसं जमावीत म्हणून दारातच भज्यांची कढई चढवली होती. माणसं जमली. भजी खाऊन, हात पुसून, एकेकाने मोठ्या पिशवीत दम लागेस्तोवर फुंकर मारली. ती पिशवी तोंडासमोर धरत होती स्वप्नालीच.

"माझ्या ध्यानात आलं मावशी. यंत्राचीच काहीतरी चूक..." असं म्हणत तिने मोबाइल परत द्यायला उचलला आणि तिचं हसू मावळलं. कांद्याच्या भांडणात त्याच्या आधीचं वाक्य दोघींनीही सोडून दिलं होतं.

"मावशी, तुमचं डायलिसिस कधी सुरू झालं?"

"माजं काय?"

"रक्त धुवायचं यंत्र. किडन्या गेल्यावर लावतात ते."

"मला काय धाड भरलीया? अजून दोन घागरी डोक्यावर घेऊन खिंड चढती म्या."

---

हे श्वासयंत्र काय प्रकरण आहे, ते इथे सांगायलाच हवं.

गरिबाच्या डायलिसिसचा खर्च सरकार देई. पण ज्याच्या नावावर खर्च पडतो तो माणूस खरोखर आला होता का, हे कळायचं कसं? आधी अंगठा होता. खुरपून आणि खडी फोडून ज्यांचे अंगठे झिजले, त्यांना यंत्र ओळखेना. मग चेहरा आला. पण किडनीच्या रोग्याचा चेहरा आज सुजलेला तर उद्या उतरलेला. शेवटी शास्त्रज्ञांनी श्वास धरला. आपण जो उच्छ्वास सोडतो त्यात हजारभर प्रकारच्या वाफा असतात. शरीरात जे रांधणं-शिजवणं अहोरात्र चालू असतं, त्याचाच तो धूर. कुठली वाफ किती, हे प्रमाण प्रत्येकाचं वेगळं, आणि ते जन्मभर फारसं बदलत नाही. हा झाला श्वासठसा.

त्यात किडनीच्या रोग्याची आणखी एक खूण असते. रक्तातला युरिया बाहेर पडत नाही, तो साठतो, लाळेत उतरतो, तिथे त्याचा अमोनिया होतो आणि श्वासातून येतो. रक्त धुतलं की तो कमी होतो. म्हणून रोग्याने दोनदा फुंकायचं, डायलिसिसच्या आधी आणि नंतर. ठसा त्याचाच निघाला आणि अमोनिया उतरला, तरच सरकारने खर्च द्यायचा. श्वासाला फसवता येत नाही, अशी मंत्र्यांच्या फोटोसकट मोठी जाहिरात झाली होती.

यंत्राला वर शहाणपणाही भरपूर. माणसाने काय खाल्लं तेही ते सांगे. कांद्या-लसणातली गंधकाची द्रव्यं पोटातून रक्तात जातात आणि दीड-दोन दिवस फुप्फुसांतून बाहेर पडत राहतात. दात घासा नाहीतर बडीशेप चघळा, ती जात नाहीत. हा आहारसल्ला आजवर रुग्णालयाने लिहून दिलेल्या नंबरावर जायचा. याच महिन्यात सरकारने तो परस्पर रेशनकार्डाशी जोडला, तो थेट कुटुंबाच्या मोबाइलवर जाऊ लागला, आणि निंबाळे आरोग्यधामात कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

स्वप्नाली रोज सकाळी आठला यंत्र सुरू करायची तेव्हा पहिली फुंकर तिची स्वतःची. ओळखीच्या श्वासावर यंत्र ताळ्यावर आहे का ते बघायचं, असा नियमच होता. त्याचाही आहारसल्ला निघे, आणि तो जाई रुग्णालयाने तिच्या नोकरीच्या कागदांवरून लिहून दिलेल्या कुटुंबाच्या नंबरावर, म्हणजे इचलकरंजीला तिच्या नवऱ्याकडे. नऊ वर्षांपूर्वी तिने घर सोडलं होतं. त्या गृहस्थाला तीन वर्षं रोज सकाळी तिने काल काय खाल्लं याची खबर मिळत होती, आणि तो त्यावर चकार शब्द काढत नव्हता.

मावशींना कसंबसं वाटेला लावून तिने मागच्या नोंदी उघडल्या. सगुणा खरात, नऊ वेळा. नऊही वेळा कांदा, ओवा, तळीव तेल. आणि नऊही श्वास एकमेकांशी इतके जुळत होते की एकावर एक ठेवले तर एकच रेघ दिसावी. खरा श्वास रोज थोडा हलतो. कुणाला सर्दी असते, कुणी जागरण केलेलं असतं. ठसा जुळत नाही म्हणून यंत्र बोंबलायचं, पण तो फारच जुळतो म्हणून बोंबलायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. अशी त्रेसष्ट नावं निघाली, आणि शिबिरात फुंकलेले गावकरीही त्रेसष्टच.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिने लशींचा फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात बोटभर लांबीच्या, बुचं लावलेल्या स्टीलच्या नळ्या होत्या, शेकड्यांनी. आत श्वास शोषून धरणारी भुकटी. नळी तापवली की धरलेला श्वास जसाच्या तसा सुटतो. त्यात आधी चिमूटभर अमोनिया मिसळायचा, दुसऱ्या वेळी मिसळायचा नाही. झालं डायलिसिस! नळ्यांवर मार्करने नावं लिहिली होती. पहिल्याच जुडग्यावर लिहिलं होतं, 'स्वप्नाली ढेरे, स्टाफ'. लोकांना दाखवायला म्हणून तिनेच सगळ्यांत आधी फुंकर मारली होती, तोंडात भजं असताना.

तिने भराभर फोटो काढले. तिला भीती वाटली नव्हती. राग आला होता, आणि त्यातला बराचसा स्वतःवरचा होता.

---

रणजित, तिचा धाकटा भाऊ, पिठाची गिरणी चालवायचा. किडन्या गेल्या त्याला चार वर्षं झाली. नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा स्वप्नाली त्याच्याकडे आली आणि तिथलीच झाली. आठवड्यातून तीनदा तो आरोग्यधामात डायलिसिसला जाई. आधी चार तास मिळत. आषाढातल्या नवमीनंतर अडीच तासांवर आले होते. यादी भरली आहे, मशीनचे तास वाटून द्यावे लागतात, असं सांगितलं जायचं.

"म्हणजे माझे दीड तास सगुणामावशीने खाल्ले तर," रणजित म्हणाला. तो पोत्यावर बसला होता, सुजलेले पाय दुसऱ्या पोत्यावर. "भज्यांबरोबर."

"चेष्टा सुचतेय तुला?"

"मग काय करू, ताई? रडलो तर तेवढंच पाणी कमी होईल अंगातलं."

"हणमंत गुरव आठवतो?" तिने विचारलं. हणमंत सुतारनेटाच्या वस्तीवरचा. अख्खा आषाढ तो नंबर लागायची वाट बघत राहिला आणि महिना सरता सरता गेला. "त्याला मीच सांगत होते, यादीत जागा नाही म्हणून. रोज सांगत होते. आणि यादीत ही त्रेसष्ट धडधाकट माणसं!"

रणजितने गिरणीचा पट्टा थांबवला. तिने त्याला कायदा सांगितला. पूर्वी गावात रात्री फिरून हाका देणारा जागल्या असे. त्याचंच नाव सरकारने या कायद्याला दिलं होतं. आरोग्याच्या सरकारी पैशावर कुणी डल्ला मारत असेल आणि ते तुम्ही पुराव्यानिशी उघड केलंत, तर वसूल झालेल्या रकमेचा पाचवा हिस्सा तुमचा. साठ दिवस तक्रार मोहोरबंद, नाव गुप्त. कामावरून काढता येणार नाही, बदली करता येणार नाही, कुटुंबाला त्रास देता येणार नाही.

"मग अडलंय कुठं?"

"कुटुंबाची व्याख्या वाचलीस? नवरा, मुलं, सासू-सासरे. म्हणजे इचलकरंजीच्या त्या माणसाच्या केसाला धक्का लावायची कुणाची टाप नाही. तू त्यात नाहीस. तुझी जागा उद्या काढून घेतली तर कायदा बघत बसणार. सांगली सत्तर किलोमीटर. एक खेप चुकली की फुप्फुसात पाणी. मी सही करायची ती तुझ्या जिवावर, रण्या."

रणजितने हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाला, "आणि नाही केलीस तर कुणाच्या जिवावर? अडीच तासांत मी काय शंभर वर्षं जगतोय? कर सही. पण एक आहे. ते बक्षीस मिळालं तर ते देवळाला दान-बिन करत बसू नको. हक्काने घे."

---

साक्षीला माणूस हवा होता. सगुणामावशींनी तिचं सगळं ऐकून घेतलं, पण त्यांना पैशाबिशाचं काही नव्हतं, त्यांचं दुःख कांद्यापाशीच अडलेलं.

"तुला पटलं न्हवं, म्या खाल्ला न्हाय म्हनून?"

"पटलं."

"मग तूबी सोड. आजपास्नं कार्तिकी एकादशीपातुर. साक्ष द्यायची तर त्वांड शुद्ध पायजे दोघींचं."

"मावशी, कांद्याशिवाय माझ्या घशाखाली भाकरी उतरत नाही!"

"म्हनूनच म्हनती. आवडत न्हाय ते सोडलं तर त्यो नेम कसला?"

स्वप्नाली देवाधर्माच्या वाटेला न जाणारी बाई, पण त्या म्हातारीच्या डोळ्यांत जी धग होती तिच्यापुढे तिला नाही म्हणवलं नाही. त्या दिवसापासून तिने कांदा सोडला. मावशींनी तेवढ्यावर न थांबता जेवणाच्या वेळी अचानक येऊन तिचं ताट तपासायला सुरुवात केली.

चौथ्या दिवशी दोघी सांगलीला गेल्या. जागल्या कायद्याच्या विशेष अधिकारी रुखसार मुजावर यांचं कार्यालय जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. बाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी फोटो पाहिले, नोंदी पाहिल्या, आणि इतकंच म्हणाल्या, "पुरेसं आहे. सही कराल?"

सही म्हणजे फुंकर. स्वप्नालीने नळी हातात घेतली आणि थांबली. "माझा भाऊ?"

"कायद्यात भाऊ नाही. मला दिसतंय ते, पण नाही."

"मग तक्रारीतच लिहून घ्या. 'माझ्यावर दबाव आणायचा झाला तर तो माझ्या भावाच्या डायलिसिसवरून आणला जाईल. तसं झालं तर ती मलाच दिलेली शिक्षा समजावी.'"

"यात त्यासाठी रकाना नाही."

"मागची बाजू कोरी आहे की, मॅडम."

मुजावरबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग कागद उलटा केला, स्वतःच्या हाताने ते वाक्य लिहिलं, तारीख घातली, शिक्का मारला. "आणि एक ध्यानात ठेवा," त्या म्हणाल्या. "साठ दिवसांत तक्रार मागे घेता येते. कुठल्याही श्वासयंत्रावर अशीच फुंकर मारून. पण एकदा मागे घेतलीत की संरक्षण संपलं, आणि त्याच बाबतीत परत कधी तक्रार करता येणार नाही."

"मी मागे घेणार नाही," स्वप्नाली म्हणाली आणि फुंकली.

---

नाव गुप्त राहिलं, पण श्वासखोलीतलं ते कांद्याचं भांडण सगळ्या गावाने ऐकलं होतं. पंधरवडा उलटायच्या आत भाऊसाहेब निंबाळ्यांनी तिला बंगल्यावर बोलावलं. भाऊसाहेब म्हणजे आरोग्यधामाचे अध्यक्ष. आवाज मऊ, कपडे पांढरे, आणि समोरच्याच्या घरात कोण आजारी आहे ते तोंडपाठ.

"ये बाळ, बस. रणजित कसाय? अडीच तासच मिळतात म्हणे. मी आजच सांगतो, चार तास करा म्हणून. किडनी बदलायच्या यादीतही त्याचं नाव वर घेता येईल. घरचा पोरगा आहे तो."

"आणि मी काय करायचं, भाऊसाहेब?"

"काही नाही. एखादा अर्ज चुकून गेला असेल कुठं, तर तो मागं घ्यायचा."

स्वप्नाली उभी राहिली. तिची बसायची इच्छाच गेली. "ते चार तास त्याचेच आहेत. त्याच्याच खिशातून काढलेलं त्यालाच बक्षीस म्हणून देताय, आणि वर मी पाया पडायचं? हणमंत गुरवाच्या बायकोला बोलवा की असंच. तिला काय देता ते बघू."

भाऊसाहेब हसले. त्यांना राग आला की ते हसत, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

बुधवारी रणजित डायलिसिसला गेला तर त्याचं मशीन दुरुस्तीला गेलेलं होतं. त्याला तसंच सांगलीला न्यावं लागलं. शनिवारीही तेच. सोळा मशीनांपैकी नेमकं त्याचंच बिघडलं होतं आणि दुसऱ्यावर जागा नव्हती. मग आठवड्यातून तीनदा पहाटेची पहिली एसटी, सांगलीच्या सरकारी दवाखान्यात ताटकळत बसणं आणि संध्याकाळी पांढराफटक होऊन परत. गिरणी बंद पडली. गौरी-गणपतीच्या दिवसांत एकदा घाटात एसटी अडकली, त्याची खेप चुकली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला श्वास लागला तो असा की आडवं होता येईना. तिने त्याला पाठीशी उशा लावून जीपने सांगलीला नेलं. वाटेत तिला सगळं कबूल करून टाकावंसं वाटलं, भाऊसाहेबांचे पाय धरावेसे वाटले. हे तिने नंतर स्वतःच सांगितलं, लपवलं नाही.

"मागे घेऊ का रे?" तिने जीपमध्ये विचारलं.

त्याला बोलता येत नव्हतं. त्याने नुसती मान हलवली. नाही.

आणि तरीही ती रोज सकाळी आठला श्वासखोलीत हजर असे. पहिली फुंकर मारी. कांदा, नाही. लसूण, नाही. यंत्र मुकाट्याने नोंदवत होतं, आणि इचलकरंजीला खबर जात होती.

---

बावन्नाव्या दिवशी दुपारी कारकुनाने तिच्या हातात दोन कागद ठेवले. एक सांगलीचा. 'आपण काल सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी श्वासठशाने दिलेल्या अर्जानुसार आपली तक्रार मागे घेण्यात आली आहे.' दुसरा आरोग्यधामाचा. तिला कामावरून काढलं होतं. पहिल्या कागदाने संरक्षण संपलं आणि दुसरा त्याची शाई वाळायचीही वाट न बघता आला.

ती रडली नाही. फ्रीजमधलं आपल्या नावाचं ते पहिलं जुडगं तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिच्या तोंडून अशी शिवी गेली की कारकून दोन पावलं मागे सरकला. मग तिने पर्स उचलली आणि एसटी स्टँड गाठला.

मागे घेतल्याचा अर्ज मी दिलेलाच नाही, असं तिने मुजावरबाईंना लिहून दिलं, आणि त्याची सुनावणी त्यांच्यापुढे दसऱ्याच्या आदल्या दिवशी झाली. एका बाजूला भाऊसाहेब आणि त्यांचे पुण्याचे वकील. दुसऱ्या बाजूला स्वप्नाली, सगुणामावशी आणि भिंतीला टेकून बसलेला रणजित.

वकिलांचं म्हणणं सोपं होतं. "ठसा यांचाच आहे. यंत्र चुकतं असं त्यांना म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं, पण मग राज्यातली अख्खी योजनाच मोडीत काढावी लागेल. बाईंनी बक्षिसाच्या लोभाने तक्रार केली, नंतर पश्चात्ताप झाला, मागे घेतली. आता परत लोभ सुटलाय."

"लोभ म्हणा, काही म्हणा," स्वप्नाली म्हणाली. "बक्षीस कायद्याने ठेवलंय आणि मी ते घेणार आहे. पूर्ण घेणार आहे. तुम्हीही फुकट आला नसाल पुण्याहून."

मुजावरबाईंनी पेन टेबलावर टेकवलं. "मुद्द्यावर या. श्वास तुमचा नाही असं म्हणायचंय का?"

"नाही मॅडम. श्वास माझाच आहे. कधीचा आहे, एवढंच विचारते. त्या अर्जाचा आहारसल्ला उघडा."

आहारसल्ल्याकडे सहीच्या वेळी कुणी बघत नसे. मुजावरबाईंनी तो पडद्यावर घेतला. श्वासात आढळले : कांदा, ओवा, तळीव तेल.

"भजी खाल्ली असतील," वकील म्हणाले. "कोण खात नाही?"

"आता माझी मूळ तक्रार उघडा."

कांदा आढळला नाही.

"आता माझ्या सकाळच्या फुंकरी. रोज आठला मारते मी, तुमच्याच नियमाने. त्याच्या सगळ्या नोंदी सरकारकडे आहेत. ज्या दिवशी अर्ज दिला म्हणता त्या दिवशी सकाळी आठ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ."

पडद्यावर रांग उतरली. पन्नासावर सकाळी. नाही, नाही, नाही. अर्जाच्या दिवशी आठ वाजता नाही. अकरा चाळीसला आहे. दुसऱ्या सकाळी परत नाही.

"खाल्लेला कांदा दीड-दोन दिवस श्वासात राहतो," स्वप्नाली म्हणाली. "हे मी नाही, तुमच्या यंत्राच्या पुस्तकात लिहिलंय. माझ्या पोटात तो अकरा चाळीसला आला आणि वीस तासांत पार नाहीसा झाला, असं म्हणायचंय का साहेबांना? आता हा माझा अर्ज आणि सगुणामावशींची नऊ डायलिसिस एकमेकांवर ठेवून बघा. माणसं दोन आहेत, पण कांदा, ओवा आणि तेल यांचं प्रमाण एकच दिसेल. एकाच कढईतलं आहे ते."

मुजावरबाईंनी दोन्हींच्या रेघा एकावर एक ठेवल्या. त्या तंतोतंत जुळल्या. मग सगुणामावशी उठल्या, कुणी बोलावलेलं नसतानाच.

"ओवा जास्त झाला हुता, बाई. म्या तवाच त्या आचाऱ्याला म्हनलं हुतं. आन ऐका, माजं रक्त-बिक्त कुनी धुतलं न्हाय. पर माज्या नेमाला बट्टा लावला ह्यांनी. एक्केचाळीस वर्सांच्या! त्येचं काय ते लिवून घ्या आधी."

भाऊसाहेब हसले.

निकाल आठवड्याने आला. मागे घेतल्याचा अर्ज खोटा ठरला, तक्रार जिवंत झाली, स्वप्नालीची नोकरी परत आली, त्या फ्रीजला सील लागलं आणि भाऊसाहेबांवर गुन्हा नोंदला. आरोग्यधाम बंद केलं नाही, जिल्हाधिकाऱ्यांनी ते ताब्यात घेऊन चालू ठेवलं. रणजितबद्दल मुजावरबाईंनी लिहिलं होतं, 'भाऊ हा कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. परंतु त्याच्यावर आघात होईल हे तक्रारदाराने आधीच लिहून दिले होते व तसेच घडले. सबब हा आघात तक्रारदारावरच झाला आहे.' कागदाच्या मागच्या बाजूची ती ओळ कामाला आली. रणजितचे चार तास त्याला परत मिळाले.

राहता राहिला बक्षिसाचा फॉर्म. त्यात कुटुंबाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव आपोआप छापून आलं होतं. स्वप्नालीने ते खोडलं आणि वर लिहिलं, 'रणजित, भाऊ'.

"संगणक घेणार नाही हे," खिडकीतला माणूस म्हणाला.

"मग संगणकाला समजावा. मी बसते तोवर."

ती पहिल्या दिवशी सहा तास बसली. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली, सोबत सगुणामावशी आणि त्यांची भजनातली बारा माणसं टाळांसकट. तिसऱ्या दिवशी संगणकाला समजलं.

---

कार्तिकी एकादशी झाली. द्वादशीला सकाळी साडेसातला सगुणामावशी फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी, पिठलं आणि लालबुंद कांदा घेऊन श्वासखोलीच्या दारात उभ्या होत्या. आतल्या हॉलमध्ये रणजित आपल्या खाटेवर फुंकरीच्या नंबराची वाट बघत बसला होता. पायांवरची सूज उतरली होती. शेजारच्या खाटेवर यादीत नव्याने आलेला एक मेंढपाळ होता, हणमंत गुरवाच्या नंतरच्या नंबरचा.

"फोड," मावशी म्हणाल्या.

स्वप्नालीने कांदा टेबलावर ठेवला आणि मूठ आवळून त्यावर अशी बुक्की मारली की त्याच्या पाकळ्या जमिनीवर उडाल्या. तिने त्या उचलून पुसून खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी आलं, ते कांद्याचं होतं म्हणू या. भाकरी संपवून, पाणी पिऊन ती यंत्रापाशी गेली आणि दिवसाची पहिली फुंकर मारली. यंत्राने बराच वेळ घेतला.

मग आतल्या हॉलमधून, रणजितच्या खाटेवरून, मोबाइल वाजल्याचा आवाज आला.

"ताई!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. "अगं, बाटलीस की गं! तुझ्या श्वासात कांदा सापडलाय, सरकारने मला कळवलंय!"